लेन्स जुनी, बॉडी कुठली?

लेन्स विकत घेताना आपण सगळे पुढची काच बघतो. ओरखडा आहे का, धूळ आहे का, कोटिंग कसलं जांभळं चमकतंय. जुनी वाइड अँगल लेन्स हातात आली की मात्र आधी ती उलटी करा आणि मागची बाजू बघा. सोव्हिएत बनावटीची ज्युपिटर-१२ ही ३५ मिमीची लेन्स घ्या. पुढची काच आत दडलेली, जेमतेम आठ आण्याच्या नाण्याएवढी. आणि मागे? मागे चक्क एक फुगीर, मोठी काच बाहेर डोकावत असते. मागचं झाकण विसरून ती टेबलावर ठेवलीत, तर ती काचेवरच उभी राहते. म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत ओरखडा!

हा फुगवटा म्हणजे बनवणाऱ्याची चूक नाही. लेन्सची सगळी करामत त्या फुगवट्यातच आहे. आणि ही लेन्स कुठल्या कॅमेऱ्यावर चालेल, कुठल्यावर नाही आणि कुठल्या कॅमेऱ्याचा जीव घेईल, हेही तोच ठरवतो.

सध्या कॉलेजांच्या फोटोग्राफी क्लबमध्ये फिल्मचं वेड परत आलंय. एसएलआर वापरून झाला की पुढची उडी रेंजफाइंडरवर. पहिली ५० मिमीची लेन्स कॅमेऱ्यासोबतच येते, तिथे काही प्रश्न नसतो. घोळ होतो तो दुसऱ्या लेन्सला. ती बहुतेकांना वाइड हवी असते, बजेट तुटपुंजं असतं, मग नजर जुन्या मालाकडे वळते. ‘स्क्रू माउंट आहे ना? मग बसेल की!’ एवढ्या माहितीवर पैसे गेलेले असतात. बसते, हो. पण बसणं आणि चालणं यात फरक आहे.

आरसा नसल्याचा फायदा

रेंजफाइंडर म्हणजे काय, हे थोडक्यात. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, कारण मध्ये तिरका आरसा असतो. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही. आपण बघतो ते वरच्या एका वेगळ्या खिडकीतून. शेजारी दुसरी छोटी खिडकी असते आणि दोन्हीतल्या प्रतिमा मधल्या उजळ चौकोनात एकावर एक पडतात. लेन्स फिरवायची, दोन प्रतिमा जुळल्या की फोकस झाला. लेन्सवर टोपी राहिली तरी खिडकीतून सगळं छान दिसत राहतं. अख्खा रोल टोपी घालून काढणारे महाभाग प्रत्येक क्लबात एक तरी असतात.

आरसा नाही, म्हणजे लेन्सच्या मागे जागा मोकळी. निकॉनच्या एसएलआरमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिमी अंतर असतं, कारण मध्ये आरशाला उडायला जागा हवी. लायकाच्या एम कॅमेऱ्यांत हेच अंतर २७.८ मिमी आहे. आता २१ मिमीच्या साध्या, दोन्ही बाजूंनी सारख्या रचनेच्या लेन्सला फिल्मच्या अगदी जवळ जावं लागतं. एसएलआरमध्ये तिथे आरसा आडवा. म्हणून एसएलआरसाठी वेगळी, उलट्या टेलिफोटोसारखी रचना शोधावी लागली. पिएर आँजेन्यू या फ्रेंच माणसाने १९५० मध्ये ३५ मिमीची तशी लेन्स आणली आणि तिला नाव दिलं रेट्रोफोकस. पण अशा रचनेत काचा वाढतात, लेन्स जाडजूड होते आणि सुरुवातीच्या काळात तरी सरळ रेषा कडेला वाकायच्या.

निकॉनची गंमत तर भारीच. १९५९ मध्ये त्यांनी निकॉन एफ हा एसएलआर आणला. त्याच्यासाठी २१ मिमी लेन्स हवी होती. मग त्यांनी रेंजफाइंडरची २१ मिमी लेन्सच एफला बसेल अशी करून दिली. ती लावायची तर आधी आरसा वर उचलून अडकवायचा आणि बघायला वर वेगळा व्ह्यूफाइंडर खोचायचा. थोडक्यात, एसएलआर विकत घ्या आणि त्याचा रेंजफाइंडर करून वापरा!

येना ते किएव्ह

आता त्या फुगीर काचेकडे परत येऊ. ही रचना मुळात जर्मनीची. १९३० च्या दशकात लायका आणि झाइस आयकॉनचा कॉन्टॅक्स यांच्यात जोरदार चुरस होती. कॉन्टॅक्ससाठी लुडविग बेर्टेले या डिझायनरने ३५ मिमी, एफ २.८ ची बिओगॉन लेन्स तयार केली. त्या काळात ३५ मिमीला एफ २.८ म्हणजे मोठीच झेप होती; लायकाकडची ३५ मिमी एल्मार एफ ३.५ ला थांबत होती. बेर्टेलेने मागची काच फिल्मच्या इतकी जवळ नेली, की ती जवळजवळ शटरला टेकते असं वाटावं.

मग युद्ध आलं. कॉन्टॅक्स बनायचा ड्रेस्डेनला, लेन्सा येनाला. येनात आधी अमेरिकन सैन्य पोहोचलं, पण ठरलेल्या वाटणीनुसार तो भाग सोव्हिएतांकडे जायचा होता. जाता जाता अमेरिकनांनी झाइसचे निवडक तज्ज्ञ पश्चिमेकडे नेले. सोव्हिएतांनी युद्धाची भरपाई म्हणून यंत्रं, साचे, नकाशे आणि सुटे भाग उचलले. कॉन्टॅक्सचं उत्पादन किएव्हच्या आर्सेनल कारखान्यात गेलं आणि कॅमेऱ्याचं नाव झालं किएव्ह. बिओगॉनला आधी ‘बीके’ म्हणत, म्हणजे क्रास्नोगोर्स्कची बिओगॉन. पुढे तीच ज्युपिटर-१२ झाली. दोन रूपांत: एक किएव्ह-कॉन्टॅक्सच्या माउंटची, दुसरी ३९ मिमी स्क्रूची, म्हणजे झॉर्की, फेड आणि लायकाला बसणारी.

तेव्हा चोरबाजारात किंवा कुणाच्या आजोबांच्या कपाटात ज्युपिटर-१२ मिळाली, तर ती युद्धापूर्वीच्या जर्मन डोक्यातून आलेली आहे. स्वस्त म्हणून तिला हिणवू नका. पण सोव्हिएत कारखान्यांत एका नगासारखा दुसरा नग निघेल याची हमी नव्हती, हेही खरं. एक लखलखीत तर दुसरी मऊ. म्हणून नुसता सिरीयल नंबर बघून न घेता त्या त्या नगाचा फोटो बघून घ्यावी.

आता गोष्टीतला खोचक भाग. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत झाइसने कॉन्टॅक्स नव्याने बनवला, कॉन्टॅक्स टू-ए. माउंट तोच. पण आतली रचना बदलली आणि युद्धापूर्वीची बिओगॉन स्वतःच्याच घराण्यातल्या या नव्या कॅमेऱ्यात जाईना! मागची काच आतल्या भागाला अडते. झाइसला ३५ मिमीची बिओगॉन नव्याने बेतावी लागली. ज्युपिटर-१२ जुन्याचीच नक्कल, त्यामुळे तीही टू-एवर जात नाही. किएव्हवर मात्र मजेत चालते, कारण किएव्ह म्हणजे जुना कॉन्टॅक्सच. ‘माउंट सारखा, म्हणजे काम झालं’ या समजुतीला याहून चांगलं उत्तर नाही.

एका मिलिमीटरचा हिशोब

लायकाच्या बाबतीत गोष्ट बरीच सोपी आहे आणि त्याचं श्रेय तिथल्या इंजिनिअरांना द्यायला हवं. जुन्या स्क्रू माउंटचं फिल्मपासून अंतर २८.८ मिमी. १९५४ मध्ये एम ३ आला तेव्हा त्यांनी नव्या बायोनेट माउंटचं अंतर मुद्दाम २७.८ ठेवलं. बरोबर एक मिलिमीटर कमी. त्यामुळे एक मिलिमीटर जाडीची साधी कडी मध्ये बसवली, की १९३० च्या दशकातली स्क्रू लेन्स आजच्या डिजिटल एमवरही बसते आणि दोन प्रतिमा जुळवून फोकसही होतो. उलटं मात्र जमत नाही. एम लेन्स स्क्रू बॉडीवर लावायला उणे एक मिलिमीटरची कडी लागेल, ती कुणी बनवू शकत नाही. म्हणून बॉडी कुठली घ्यायची हे ठरलं नसेल, तर स्क्रू माउंटची लेन्स घेऊन ठेवणं शहाणपणाचं. ती दोन्हीकडे जाते.

कडी घेतानाही एक खाच आहे. तीन प्रकारच्या कड्या मिळतात आणि प्रत्येकीमुळे व्ह्यूफाइंडरमध्ये वेगळी चौकट उजळते. एम ६ मध्ये २८ सोबत ९०, ३५ सोबत १३५ आणि ५० सोबत ७५ अशा जोड्या आहेत. २८ मिमीच्या लेन्सला ५० ची कडी लावली, तर फोटो २८ चा येईल आणि चौकट ५० ची दिसेल. फोटो बिघडत नाही, अंदाज बिघडतो.

आणि चौकट प्रत्येक बॉडीत असतेच असं नाही. एम ३ हा लायकाचा सर्वांत नावाजलेला कॅमेरा, पण त्याची सर्वांत रुंद चौकट ५० मिमीची. ३५ ची हौस असेल तर लायकाने एम ३ साठी चष्मा लावलेल्या ३५ मिमी लेन्सा काढल्या होत्या. खरोखरचा चष्मा, खिडक्यांसमोर येणाऱ्या दोन जास्तीच्या भिंगांचा. एम २ मध्ये ३५ ची चौकट आली आणि २८ साठी १९८० च्या आसपासच्या एम ४-पीपर्यंत थांबावं लागलं. कॅनन पी या १९५९ च्या जपानी स्क्रू बॉडीत ३५, ५० आणि १०० च्या चौकटी कायम दिसतात; ३५ ची चौकट इतकी कडेला, की चष्मेवाल्यांना मान हलवून बघावी लागते. कोसिनाने फोइग्टलेंडर नावाने काढलेल्या बेसा आर ४ मध्ये तर थेट २१ पासून चौकटी आहेत. वाइडसाठीच बनलेली बॉडी म्हणा ना! त्याच कोसिनाची १९९९ मधली बेसा एल म्हणजे दुसरं टोक: व्ह्यूफाइंडरच नाही. वर वेगळा फाइंडर लावा, अंतर डोळ्याने मोजा, मारा.

झॉर्की किंवा फेडवर ज्युपिटर-१२ लावणार असाल, तर अंगचा फाइंडर ५० मिमीचाच दृश्यभाग दाखवणार. वर सोव्हिएतांचा फिरता फाइंडर मिळतो, २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ अशी पाच भिंगं असलेला. दिसायला एकदम विज्ञानकथेतला, कामाला चोख. लेन्सच्या बजेटमध्ये याचे पैसे आधीच धरा. लेन्स आली आणि फाइंडर नाही, अशी अर्धवट अवस्था बऱ्याच जणांची होते.

निकॉनचे जुने एस मालिकेतले रेंजफाइंडर आणि कॉन्टॅक्स यांचं नातं अजून गमतीशीर. निकॉनने कॉन्टॅक्सच्या माउंटवरून आपला माउंट बेतला, पण फोकस फिरवण्याच्या आट्यांच्या हिशोबात अगदी बारीक फरक राहिला. त्यामुळे एकाची टेलिफोटो दुसऱ्यावर लावली, तर फोकस चुकतो. वाइड लेन्स मात्र बिनधास्त चालते, कारण तिची डेप्थ ऑफ फील्ड तो बारीक फरक पोटात घालते. वाइडवाल्यांना हा जुगाड फुकट मिळालाय.

मीटर असलेल्या बॉडीपासून सावध

धोक्याची जागा ही. लायका एम ५ आणि छोटा सीएल या १९७० च्या दशकातल्या कॅमेऱ्यांत प्रकाश मोजणारा सेल एका काडीवर बसवलेला असतो आणि ती काडी लेन्सच्या मागे, फिल्मसमोर येऊन उभी राहते. आपल्या फुगीर पाठीच्या लेन्सची जागा नेमकी तिथेच. ज्युपिटर-१२ किंवा जुन्या सुपर अँग्युलॉनसारखी लेन्स बळंच बसवली, तर काडी मोडते. काच फुटली नाही तर नशीब. या दोन बॉडींवर खोल पाठीची कुठलीही लेन्स लावण्याआधी दहा वेळा विचारा.

एम ६ मध्ये काडी नाही. तिथे शटरच्या पडद्यावर एक पांढरा ठिपका असतो आणि त्यावरून परतलेला प्रकाश मोजला जातो. २१ मिमी सुपर अँग्युलॉनची पाठ त्या ठिपक्याच्या इतकी जवळ येते, की मीटरला नीट दिसतच नाही आणि आकडा भलताच येतो. इथे काही मोडत नाही, फक्त विश्वास ठेवायचा नाही. मोबाइलवरचं मीटर ॲप काढा आणि पुढे चला. एम २, एम ४ यांच्यात मीटरच नाही, त्यामुळे भांडणही नाही. जुन्या खोल लेन्साची बिनमीटरच्या बॉडीशी गट्टी जमते, माझं मत तरी असंच आहे.

डिजिटलवर गुलाबी कडा

‘फिल्म परवडत नाही, माझ्याकडे मिररलेस आहे, त्यावर अ‍ॅडॅप्टर लावतो.’ हा सर्वांत जास्त ऐकू येणारा बेत. ५० मिमीला उत्तम. वाइडला थांबा.

मागची काच फिल्मला चिकटून आहे, याचा अर्थ कोपऱ्यात पोहोचणारा प्रकाश फार तिरका पडतो. फिल्मला त्याचं काही वाटत नाही, ती कुठल्याही कोनातून प्रकाश घेते. सेन्सरचं तसं नाही. त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर बारीक भिंग असतं आणि सगळ्याच्या वर काचेचा थर. तिरका प्रकाश त्या थरातून सरकतो आणि कोपरे विरघळल्यासारखे दिसतात. शेजारच्या पिक्सेलमध्ये घुसतो आणि कडांना गुलाबी-जांभळी झाक येते. लायकाने २००९ च्या एम ९ मध्ये याच लेन्सांचा विचार करून सेन्सरवरची काच पातळ ठेवली आणि कडेची बारीक भिंगं मध्याकडे सरकवली. इतर कंपन्यांच्या मिररलेसमध्ये असा लाड नाही. म्हणून तीच २१ मिमी लेन्स फिल्मवर काचेसारखी स्वच्छ आणि फुल फ्रेम मिररलेसवर गुलाबी दिसते. लेन्स खराब निघाली म्हणून विकणाऱ्याशी भांडायच्या आधी हे आठवा. ब्लॅक अँड व्हाइट केलंत तर झाक तरी जाते, विरघळलेले कोपरे राहतात.

एपीएस-सी सेन्सरवर फक्त मधला भाग वापरला जात असल्याने हा त्रास कमी होतो, पण मग २८ मिमी लेन्स सुमारे ४२ मिमीसारखी वागते. वाइड घेतली आणि वाइडच राहिली नाही! शिवाय ज्युपिटर-१२ ची पाठ काही मिररलेस बॉडींच्या आतल्या चौकटीला आपटू शकते. फिरवताना जराही अडलं, की जोर लावायचा नाही.

कोपरे काळे पडणं हा वेगळा मामला. अशा लेन्समध्ये प्रकाश जितका तिरका तितका तो क्षीण होतो. ४५ अंशांवर मध्याच्या ढोबळमानाने पाव भागच उरतो, म्हणजे दोन स्टॉप. झाइसने १९६९ मध्ये १५ मिमीची होलोगॉन काढली, तिच्यात हे इतकं होतं की मध्यभागी गडद असलेला खास फिल्टर सोबत द्यावा लागला. २१ मध्ये इतकं नाही. आणि खरं सांगायचं तर फिल्मवर ते काळसर कोपरे बरे दिसतात.

मग घ्यायची कशाला?

कारण रस्त्यावर याहून वेगवान काही नाही. आकडे बघा. ३५ मिमी लेन्स एफ ८ ला, अंतर साधारण ५ मीटरवर ठेवलं, तर अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं फोकसमध्ये. २८ मिमीला ३.३ मीटरवर ठेवा, दीड-पावणेदोन मीटरपासून पुढे सगळं. २१ मिमीला तर २ मीटरच्या किंचित आत ठेवलं की साधारण एका मीटरपासून सुरू. ५० मिमीला हाच हिशोब पाच मीटरच्या पलीकडे जातो. म्हणजे वाइड लावली की फोकस करायचंच नाही. एकदा ठरवायचं आणि विसरायचं. ऑटोफोकस शोधत बसेपर्यंत तुमचा फोटो काढून झालेला असतो. गॅरी विनोग्रँड न्यूयॉर्कच्या फुटपाथवर एम ४ आणि २८ मिमी घेऊन असाच चालत असायचा. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल डेव्हलप न करता मागे राहिले होते. दादरच्या फुलबाजारात सकाळी सातला एफ ८ ला प्रकाश पुरणार नाही, तिथे ४०० ची फिल्म ढकलून ८०० ला वापरा किंवा एफ ५.६ वर या आणि थोडं मागे उभे राहा.

दुसरं कारण सरळ रेषा. या रचना हवाई सर्वेक्षणाच्या गरजेतून पुढे गेल्या. बेर्टेलेने स्वित्झर्लंडच्या विल्ड कंपनीसाठी विमानातून नकाशे टिपणाऱ्या लेन्सा बेतल्या. सोव्हिएत युनियनमध्ये मिखाइल रुसिनोव त्याच क्षेत्रातला. त्याची २० मिमी, एफ ५.६ ची रुसार ३९ मिमी स्क्रूवर येते आणि तिच्यात इमारतीची कड काठीसारखी सरळ राहते. नकाशात रस्ता वाकडा येऊन कसं चालेल?

घेताना मोबाइलचा टॉर्च जवळ ठेवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, दुधाळ पडदा म्हणजे आतली वाफ किंवा तेल. थोडी धूळ चालते. अ‍ॅपर्चरच्या पात्यांना तेल दिसलं म्हणून लगेच नाही म्हणू नका. एसएलआरमध्ये पाती क्षणार्धात मिटावी लागतात, इथे ती आपण हाताने फिरवतो, त्यामुळे जरा तेलाने अडत नाही. ज्युपिटर-१२ चं अ‍ॅपर्चर पुढच्या बाजूला आत असतं, खटका नसतो, ते फिरवून बघा. मागची खोल टोपी सोबत आहे का विचारा. साधी टोपी तिला बसत नाही.

बॉडी कापडी शटरची असेल, म्हणजे झॉर्की, फेड किंवा लायका, तर कॅमेरा गळ्यात उन्हाकडे तोंड करून लटकवू नका. आरसा नाही, लेन्स थेट पडद्यावर सूर्य गोळा करते आणि पडद्याला भोक पडतं. पुढे प्रत्येक फोटोत पांढरा ठिपका. टोपी लावा किंवा अ‍ॅपर्चर पूर्ण बंद करून ठेवा. कॅनन पीचा पडदा धातूचा आहे, त्याला ही भीती नाही.

आणि आपल्याकडचा पाऊस. मुंबईत, कोकणात, गोव्यात जूनपासून चार महिने बुरशीचे दिवस. चामड्याच्या जुन्या केसमध्ये लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं. केस वेगळी, लेन्स वेगळी. हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी एवढं पुरतं. रंग बदलणारे दाणे घ्या, निळे गुलाबी झाले की ओल भरली म्हणून समजायचं. ते घरच्या तव्यावर भाजून परत वापरायचा सल्ला कुणीतरी देईल. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा स्वयंपाकघरापासून ते लांबच ठेवा आणि नवी पुडी आणा.